काजूचं पाकीट, खोक्याची उंची आणि कुरियरचं बिल

डिचोलीजवळच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या घरून काजूगर, आमसुलं, कोकम सरबत, फणसाचे तळलेले गरे आणि खाजं विकतात. गिऱ्हाईक बहुतेक पुण्या-मुंबईचं, थोडं बंगळुरूचं, थोडं दिल्लीकडचं. महिन्याला दीडशेच्या आसपास पार्सलं जातात, सरासरी ऑर्डर साडेसहाशे रुपयांची, आणि त्यातले सव्वाशे ते दीडशे कुरियरच खातो. "सगळ्यात स्वस्त कुरियर कोणता तेवढं सांगा," असं त्यांनी लिहिलं आहे.

ताई, नाव सांगून तुमचं काम होणार नाही. मी फोंड्यात छोट्या विक्रेत्यांच्या पार्सलांचंच काम करतो. माझा अनुभव असा, की कुरियर बदलून पार्सलमागे पाच-दहा रुपये सुटतात. पाकीट आणि खोका बदलला तर तीस-चाळीस सुटतात. दारात पैसे घ्यायची म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरीची पार्सलं आवरली तर कधी कधी त्याहून जास्त. म्हणून दराची घासाघीस सगळ्यात शेवटी करू. आधी मागच्या दोन महिन्यांची बिलं काढा आणि प्रत्येक पार्सलापुढे चार गोष्टी लिहा: तुम्ही मोजलेलं वजन, कुरियरने लावलेलं वजन, किती पैसे लागले, आणि पार्सल पोचलं की परत आलं. दुसऱ्या आकड्याकडे कोणी बघतच नाही, आणि पैसे बहुतेक तिथेच गळतात.

वजनापासून सुरुवात करू. खासगी कुरियरचे दर अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी चढतात. ५०० ग्रॅमपर्यंत एक दर, ५०१ ग्रॅम झालं की पुढचा टप्पा. आता तुमचं सगळ्यात खपाचं पाकीट कोणतं? अर्धा किलो काजू. त्यात पाकिटाचे दहा-पंधरा ग्रॅम, वरच्या पिशवीचे तेवढेच, बबल रॅप, बिलाचा कागद, टेप. पार्सल साडेपाचशेला जातं. पातळ खोका वापरला तर सहाशेला. म्हणजे अर्धा किलो काजू पाठवायला तुम्ही दरवेळी एक किलोचे पैसे भरता. गोव्यातला जवळजवळ प्रत्येक घरगुती काजूवाला हेच करतो, कारण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पाव, अर्धा आणि एक किलो असंच विकायची सवय आहे. बाजारात पिशवी हातात द्यायची असते, तिथे ते ठीक. पार्सलाला तो हिशेब लागू नाही.

४०० ग्रॅमचं पाकीट करा. ४५० नको. काठावरचं पार्सल कुरियरच्या हबच्या, म्हणजे छाननी केंद्राच्या, काट्यावर पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे झालं की वरच्या टप्प्यात जातं आणि मग भांडत बसावं लागतं. ४०० चं एक पाकीट पहिल्या टप्प्यात आरामात बसतं आणि दोन पाकिटं मिळून एक किलोच्या आत राहतात. गिऱ्हाईक विचारेल, अर्धा किलोचं का नाही? किंमत त्या प्रमाणात कमी दिसते, त्यामुळे कोणी फारसं विचारत नाही. फक्त पाकिटावर निव्वळ वजन ठळक छापा, एका ग्रॅमला किती पडतात तेही छापा. ते कायद्यानेही लागतं आणि फसवल्याची भावनाही राहत नाही.

दुसरं वजन खोक्याच्या आकाराचं. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि बहुतेक कंपन्यांत ५००० ने भागायची. काही कंपन्या याहून लहान आकड्याने भागतात, तेव्हा हे वजन आणखी फुगतं. म्हणून आपल्या कंपनीचा आकडा लेखी विचारून घ्या. या भागाकारातून आलेलं वजन आणि काट्यावरचं वजन, यातलं जे जास्त ते बिलात लागतं. तुमचा मधल्या आकाराचा खोका ३० बाय २० बाय १५ चा आहे असं धरू. गुणाकार ९,०००, भागाकार १.८. आत माल फक्त ८०० ग्रॅम असला तरी पैसे दोन किलोचे. तोच माल २२ बाय १६ बाय १० च्या खोक्यात बसवला तर आकाराचं वजन ७०४ ग्रॅम, काट्यावर सगळं मिळून नऊशेच्या आत, पैसे एक किलोचे. मालात काहीच बदल झालेला नाही. पहिल्या खोक्यात तुम्ही चुरगळलेली वर्तमानपत्रं पुण्याला पाठवत होता.

खोका काठोकाठ भरू नका. हबमध्ये मशीन सगळ्यात फुगलेल्या जागी मोजतं. २५ बाय १८ बाय ११ चा खोका कागदावर ९९० ग्रॅमचा होतो, एक किलोत बसतो. झाकण एक सेंटिमीटर फुगलं की १२ उंचीने तोच खोका १,०८० ग्रॅमचा होतो, आणि तुम्ही दीड किलोच्या टप्प्यात गेलात. चिकटपट्टी लावताना झाकणावर हात सपाट फिरवून बघा, बोटाखाली पोट लागलं तर एक पुडी बाहेर काढा. खोक्यांचे तीन आकार पुरतात. पाच-सहा आकार ठेवले की गर्दीच्या दिवशी हाताला येईल त्यात माल जातो. ते बाजारातून सुटे घेऊ नका. औद्योगिक वसाहतीतल्या खोकेवाल्याकडून आपल्या मापाचे शे-दोनशे करून घेतले तर बहुधा सुट्यापेक्षा स्वस्त पडतात.

काजूला खोका लागतोच असंही नाही. तुकडा काजू जाड पाकिटात घालून नुसत्या कुरियरच्या पिशवीत गेला तरी बिघडत नाही. डब्ल्यू २४० किंवा डब्ल्यू १८० चा अख्खा गर असेल तर तो फुटतो, मग गिऱ्हाईक तुकड्यांचे फोटो पाठवतं. त्यावर उपाय व्हॅक्यूम पाकीट. हवा काढली की पाकीट विटेसारखं घट्ट होतं, गर एकमेकांवर आपटत नाहीत, आणि जागाही कमी लागते. पाकिटात हवा किंवा नायट्रोजन भरून फुगवायची पद्धत चिप्ससाठी आहे, काजूसाठी ती करू नका. दिसायला छान, पण त्या फुग्याचे पैसे कुरियर घेतो.

फणसाचे गरे ही तुमची खरी डोकेदुखी. दोनशे ग्रॅमचं फुगीर पाकीट २५ बाय १८ बाय ८ चं धरलं तर आकाराचं वजन ७२० ग्रॅम. दोनशे ग्रॅम गऱ्यांना एक किलोचं भाडं! ते एकटे विकू नका. गऱ्यांबरोबर काजूचं ४०० चं पाकीट असंच जोडून ठेवा. उंची दहापर्यंत जाईल, आकाराचं वजन ९०० होईल आणि दर तोच एक किलोचा राहील. म्हणजे काजूला भाडं फुकट पडलं. हेच उलट बाजूनेही करता येतं. समई किंवा पितळेच्या वस्तू विकणारे माझे एक गिऱ्हाईक आहेत. पितळ जड आणि आकाराने लहान, म्हणून त्यांच्या खोक्यात जागा नेहमी शिल्लक असते. ते समई स्क्रू खोलून भाग आडवे ठेवतात आणि मधल्या जागेत वाती, कापूर असं हलकं काहीतरी जोडून विकतात. ज्या वजनाचे पैसे भरलेत ते दोन्ही बाजूंनी पूर्ण वापरायचं, इतकंच.

सरबताची बाटली काचेची आहे का? काचेची पाऊण लिटरची रिकामी बाटली अर्ध्या किलोच्या आसपास भरते. प्लास्टिकची त्याच मापाची बाटली त्या मानाने अगदी हलकी. शिवाय काच म्हटली की जास्त बबल रॅप, मोठा खोका आणि फुटीची भीती. पण मी त्याही पुढे जाईन. सरबत म्हणजे निम्मी साखर आणि पाणी, आणि साखर पुण्यातही मिळते. आमसुलं पाठवा, किंवा आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसाच्या, छोट्या बाटल्या पाठवा, सोबत सरबताची आणि सोलकढीची कृती छापलेलं कार्ड घाला. द्रव पदार्थ विमानाने घ्यायला बऱ्याच कंपन्या तयार नसतात आणि एक बाटली गळली तर शेजारच्या चार पाकिटांचं वाटोळं होतं. सरबत स्थानिक गिऱ्हाइकांना आणि गोव्यात येणाऱ्यांना विका.

जाता जाता: फेणीची मागणी तुम्हाला रोज येत असणार. दारू पोस्टाने पाठवायला बंदी आहे, आणि राज्याबाहेर न्यायला अबकारी परवान्याची भानगड आहे. पार्सलावर "खोबरेल" लिहून ती पाठवणारे आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका. एक पार्सल पकडलं की खातं बंद होतं आणि काजूही अडकतात.

आता गोव्याचं म्हणून एक वेगळं गणित. खासगी कुरियर देशाचे विभाग पाडतात: शहरातल्या शहरात, राज्यात किंवा जवळच्या पट्ट्यात, महानगर ते महानगर, उरलेला देश, आणि ईशान्य भारत व काश्मीर. पुण्याचा विक्रेता राज्यातल्या दरात महाराष्ट्राचं केवढं तरी गिऱ्हाईक गाठतो. आपलं राज्य पेडण्यापासून काणकोणपर्यंत, की संपलं. सावंतवाडी आणि बेळगाव हाकेच्या अंतरावर, पण राज्य दुसरं. पणजी काही महानगरांच्या यादीत नाही, त्यामुळे मुंबईचं पार्सलही अनेकदा "उरलेला देश" या महाग खात्यात पडतं. कंपन्यांच्या याद्या सारख्या नसतात. कोणी गोवा-महाराष्ट्र एका पट्ट्यात धरतो, कोणी नाही. म्हणून दरपत्रक मागताना "पाचशे ग्रॅमला किती" असं विचारू नका. तुमच्या सगळ्यात जास्त गिऱ्हाइकांचे दहा पिनकोड द्या आणि त्या दहांचे दर मागा.

मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला तेव्हा उत्तर गोव्यातल्या बऱ्याच जणांना वाटलं, आता विमानाचं पार्सल स्वस्त होईल. कुरियरचा दर विभागावर ठरतो, विमानतळ तुमच्या अंगणापासून किती लांब आहे यावर नाही. काजू आणि आमसुलांना विमान नकोच. पुणे, मुंबई, बंगळुरूला रस्त्याने जायला फार तर एक-दोन दिवस जास्त लागतात, आणि दर बराच कमी असतो. बुकिंग करताना सेवा कोणती निवडली जाते ते बघा, कारण बऱ्याच ॲप्सवर विमानाची सेवा आधीच टिक केलेली असते. विमान फक्त दूरच्या आणि लवकर खराब होणाऱ्या मालासाठी राखून ठेवा.

आणि पोस्टाला कमी लेखू नका. स्पीड पोस्टच्या कागदपत्रांच्या (डॉक्युमेंट) गटाचे दर १ ऑक्टोबर २०२५ पासून बदलले आहेत. २५१ ते ५०० ग्रॅमच्या पाकिटाला त्याच शहरात २८ रुपये, २०० किलोमीटरपर्यंत ७०, ५०० पर्यंत ७५, हजारापर्यंत ८२, दोन हजारापर्यंत ८६ आणि त्यापुढे ९३, वर १८ टक्के जीएसटी. हे आकडे नीट बघा. शहर सोडलं की जवळचं आणि दूरचं यात फरक फार थोडा आहे. मालाच्या पार्सलाचे दर वेगळे असतात, तेव्हा तुमचं ४०० ग्रॅमचं पाकीट या दरात बसतं का ते आधी काउंटरवर विचारा. बसलं तर देशाच्या दुसऱ्या टोकालाही ते करासकट ११० रुपयांत जातं. शिवाय खासगी कंपन्या आडगावाला जो वेगळा अधिभार लावतात तो इथे नाही. कणकवलीच्या पुढच्या एखाद्या वाडीत किंवा दूरच्या डोंगराळ राज्यात पाठवायचं तर मी डोळे मिटून पोस्ट घेतो. नियमित आणि जास्त माल देणाऱ्यांना पोस्टाकडून करार करून सवलतही मिळते. डिचोलीच्या पोस्टात जाऊन विचारा. कोपऱ्यातल्या कुरियरच्या काउंटरपेक्षा तिथे रांग असते हे खरं, म्हणून सकाळी उघडतानाच जा.

पोस्टाच्या या दरांतली सगळ्यात मोठी दरी मात्र पहिल्या पायरीवर आहे: शहरातल्या शहरात २८, आणि डिचोलीहून पुण्याला ७५. करासकट फरक ५५ रुपयांचा. तुमची पुण्याची पार्सलं आठवड्यात वीस तरी असतील तर ती एक-एक करून इथून पाठवू नका. सगळी बांधा, पत्ते चिकटवा, एका गोणीत घाला आणि रात्रीच्या खासगी बसने पुण्याला सोडा. तिथे भाऊ, मावशी, भाचा, कोणीतरी असतंच. त्याने सकाळी गोणी उतरवून पोस्टात नेऊन बुक करायची. वरचे दर लागू झाले तर वीस पार्सलांवर अकराशे रुपये सुटतात. समजा त्यातले तीनशे गोणीचं भाडं आणि रिक्षाला गेले, तरी आठवड्याला आठशे हातात. पाठवणाऱ्याचा पत्ता पुण्याचाच द्या, म्हणजे पार्सल परत आलंच तर गोव्यापर्यंत येत नाही, तिथूनच दुसऱ्या गिऱ्हाइकाला वळवता येतं. पिंपरी-चिंचवडचे पत्ते वेगळे काढा, ते पुण्याच्या स्थानिक दरात बसतात का ते काउंटरवर विचारून घ्या.

इथे एक खड्डा आहे, तो चुकवा. जी पार्सलं आधीच विकली गेली आहेत, ज्यांचं बिल गोव्यातून गिऱ्हाइकाच्या नावे फाडलेलं आहे, ती पुण्यातून पोस्टात टाकायला हरकत नाही. पण "मावशीकडे पन्नास किलो काजू ठेवते, ऑर्डर आली की तिथून पाठवेल" असं केलंत तर तुमचा साठा महाराष्ट्रात झाला, आणि तिथली वेगळी जीएसटी नोंदणी लागते. दीडशे पार्सलांसाठी ते झंझट परवडत नाही.

जीएसटीचा विषय निघालाच आहे तर तो इथेच संपवू. गोव्यात मालाच्या विक्रीला ४० लाखांची मर्यादा आहे हे ऐकून बरेच जण निश्चिंत असतात. ती राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यांसाठी. राज्याबाहेर करपात्र माल विकायचा तर पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. काही ठरावीक हस्तकलेच्या वस्तूंना २० लाखांपर्यंत सूट आहे, काजूला नाही. कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांच्या ठोक कराच्या योजनेत, असाल तर राज्याबाहेर विकताच येत नाही. पण नियमित नोंदणीचा फायदाही आहे: कुरियरच्या बिलावरचे १८ टक्के तुम्हाला भरायच्या जीएसटीतून वजा करता येतात, आणि गिऱ्हाइकाकडून घेतलेल्या पाठवणीच्या रकमेवर मालाचाच दर लागतो, काजूगरांच्या बाबतीत ५ टक्के. त्यासाठी कुरियरचं बिल तुमच्या जीएसटी क्रमांकावर हवं. काउंटरवर मिळणाऱ्या चिठोऱ्यावर तो नसतो. महिन्याला कर सोडून पंधरा हजार कुरियरला देत असाल तर हे १८ टक्के म्हणजे अडीच हजारांच्या वरची रक्कम, हिशेबनीसाला आजच विचारा.

बस, रेल्वे आणि ट्रान्सपोर्ट यांच्याबद्दल थोडक्यात. मे महिन्यात मानकुराद आंब्याच्या पेट्या किंवा दुकानदाराची पंचवीस किलोची ऑर्डर असेल तर रात्रीची बस उत्तम. गिऱ्हाईक सकाळी थांब्यावरून उचलतं. बसच्या पावतीवर भरपाईची हमी नसल्यात जमा असते, तेव्हा महागडा माल त्यात घालू नका. रेल्वे मडगावहून स्वस्त पडते, पण दोन्ही टोकांना हमाली, पार्सल ऑफिसातली खेप आणि वेळ धरला तर गोण्याच्या गोण्या असल्याशिवाय परवडत नाही. डिचोलीहून मडगावला जायचं भाडंच बघा. ट्रान्सपोर्टला किमान वजनाचे पैसे आणि बिल्टीचे, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीचे, पैसे लागतात, दहा किलोच्या मालाला तो विचार करू नका. दुकानदाराला माल देताना "गोदामातून उचलणार" असं ठरवून घेतलं की दारापर्यंतचं भाडं वाचतं.

कॅश ऑन डिलिव्हरीकडे मात्र मी जरा जास्त वेळ देणार आहे. समजा तुमच्या दीडशेपैकी साठ पार्सलं अशी जातात आणि त्यातली बारा परत येतात. जाताना ९० रुपये, परत येताना ८०, म्हणजे एका परतीला १७०, बारांचे २,०४०. उरलेल्या अठ्ठेचाळीसांवर पैसे गोळा करण्याचे चाळीस-चाळीस धरले तर १,९२०. बेरीज ३,९६०. हा खर्च खऱ्या अर्थाने पोचलेल्या १३८ पार्सलांवर वाटला तर प्रत्येकामागे जवळपास २९ रुपये. कोणत्याही कंपनीशी कितीही घासाघीस केली तरी एवढे सुटणार नाहीत. यात परत आलेल्या खाजाचा भुगा आणि पावसात सादळलेलं पाकीट धरलेलंच नाही, आणि कंपनीकडे आठवडाभर अडकलेले तुमचे पैसेही नाहीत.

पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही. नवीन गिऱ्हाईक आधी पैसे द्यायला कचरतं, ते साहजिक आहे. पण शंभर रुपये यूपीआयने आगाऊ घ्या आणि बाकीचे दारात. ज्याला खरंच हवं आहे तो शंभर देतो. पूर्ण पैसे आधी देणाऱ्याला तीस रुपयांची सूट द्या, ती परवडते, कारण वाचतात त्याहून जास्त. पार्सल निघायच्या आधी व्हॉट्सॲपवर पत्ता पूर्ण लिहून पाठवा आणि "बरोबर" असं उत्तर आल्याशिवाय लेबल छापू नका. इमारतीचं नाव, मजला, खूण आणि दुसरा फोन नंबर. रविवारी ऑर्डर देणारा माणूस मंगळवारी कचेरीत असतो. "घरी कोण असतं?" हा एक प्रश्न बरीच पार्सलं वाचवतो. जे गिऱ्हाईक एकदा न घेता परत पाठवतं, त्याचा नंबर वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी आधी पैसे.

पार्सलमागचा खर्च कमी करायचा दुसरा रस्ता ऑर्डर मोठी करण्याचा. पहिल्या अर्ध्या किलोला जे लागतात ते दुसऱ्या अर्ध्याला लागत नाहीत. तुमची सरासरी साडेसहाशे आहे, तर "९९९ च्या वर पाठवणी मोफत" असं ठेवा आणि त्याखाली साठ-सत्तर रुपये उघडपणे घ्या. मर्यादा सरासरीच्या दीडपट असली की लोक एखादं आमसुलाचं पाकीट वाढवतात. पाचशेवर मोफत ठेवलंत तर कोणी काही वाढवणार नाही, सगळे फुकटच नेतील. मोफतचा माल एक किलोच्या टप्प्यात बसतो ना, ते आधी बांधून बघा. काजूची दोन पाकिटं आणि शंभर ग्रॅम आमसुलं, हे बसतं.

आता तुमचा मूळ प्रश्न, कुरियर कोणता. काउंटरवर जाऊन रोख पैसे देणं हा सगळ्यात महाग प्रकार. महिन्याला दीडशे पार्सलं असताना कंपनीचं खातं मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तीन ठिकाणी विचारा: एक कंपनी थेट, एक शिपरॉकेटसारखी अनेक कुरियर एकत्र देणारी सेवा, आणि पोस्ट. दर विचारताना इंधन अधिभार, जीएसटी, आडगावाचा अधिभार, घरून उचलण्याचे पैसे आणि परतीचा दर धरून एकच आकडा मागा. "पस्तीस रुपयांपासून" अशी जाहिरात असते, ती शहरातल्या शहरात, सगळ्यात हलक्या पाकिटाची, तीही करांशिवाय. डिचोलीत घरून रोज उचलतात की आठवड्यातून दोनदा, हेही विचारा. शेजारपाजारी आणखी दोन-तीन जणी विकत असतील, पापड, मसाला, क्रोशाचं काम, तर सगळ्यांची पार्सलं एका घरी जमवा. उचलणारा माणूस एका पार्सलासाठी यायला टाळाटाळ करतो, पंधरांसाठी वेळेवर येतो, आणि बोलणी करतानाही तुमचा आकडा मोठा दिसतो. खाती आणि बिलं मात्र ज्याची त्याच्या नावावर ठेवा.

सगळा माल एकाच कंपनीला देऊ नका. मी साधारण असं लावतो: पुणे-मुंबईला एक कंपनी किंवा वर सांगितलेली गोणी, खेडी आणि दूरची राज्यं पोस्टाकडे, बंगळुरूला जी रस्त्याने लवकर पोचवते ती. महिन्याच्या शेवटी त्या चार रकान्यांच्या वहीत बघून अदलाबदल करतो.

वजनाचे वाद होणारच. प्रत्येक पार्सल बंद केल्यावर काट्यावर ठेवून एक फोटो आणि टेप लावून तिन्ही बाजूंचे फोटो काढा, लेबल दिसेल असे. दीडशे पार्सलांना हे जड वाटेल, पण खोके तीनच आकारांचे असतील तर काम पटापट होतं. वाढीव वजनाची नोटीस आल्यावर तक्रार करायला मोजके दिवस असतात, बहुतेक ठिकाणी आठवडाभर. ते गेले की पैसे गेले. दर सोमवारी सकाळी हे एक काम ठेवा.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. आपल्या हवेत तीन पदरी खोका ऑगस्टमध्ये पुठ्ठ्यासारखा राहतच नाही, हाताने दाबला तरी खचतो. खोके जमिनीवर ठेवू नका, फळीवर, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. जून ते सप्टेंबर वरून कुरियरची पिशवी घाला, तिचे दहा-पंधरा ग्रॅम वजनात आधीच धरा, ४०० च्या पाकिटात तेवढी जागा आहे. घाटात माती आली किंवा रेल्वे रखडली की पार्सल दोन-तीन दिवस उशिरा पोचतं, तेव्हा या महिन्यांत गिऱ्हाइकाला पोचायचा दिवस थोडा लांबचाच सांगा. घाईने विमानाला पैसे घालण्यापेक्षा ते बरं. गणेश चवथीच्या आणि दिवाळीच्या आधी पार्सलांचा ढीग लागतो. त्या ऑर्डरी पंधरा दिवस आधी उघडा आणि आधी मागवणाऱ्याला पाठवणीत सूट द्या. मुंबईची मंडळी चवथीला गावी येतातच. त्यांना पार्सल पाठवूच नका, "गावाहून परत जाताना घरून घेऊन जा" असं सांगा आणि पाठवणीचे पैसे किमतीतून कमी करा.

या आठवड्यात एवढं करा: ४०० ग्रॅमची पन्नास पाकिटं बनवून बघा, खोके मोजा, आणि ज्या दहा पिनकोडांवर सगळ्यात जास्त माल जातो ते काढून तिघांकडून दर मागवा. ते हातात आले की बिलांसकट फोंड्याला घेऊन या, दर समोर ठेवून बोलू.